बाबल्याच्या गोळ्या

हिरीने औषधांची पिशवी ओटीवर पालथी केली. महिन्यापूर्वी तिनेच आणून दिलेली पाकिटं जशीच्या तशी खाली पडली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

बाबल्याच्या हृदयाच्या तुंबलेल्या नळ्या नाशिकला उघडून त्यांत दोन स्प्रिंगा बसवल्या, त्याला सहा वर्षं झाली. हिरी दाभोसा पाड्याची आशाताई, त्यामुळे दर महिन्याला त्याची विचारपूस करणं तिच्याच नशिबी आलं होतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, नाहीतर स्प्रिंग पुन्हा तुंबते, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

म्हणजे आता नुसतं गप्प बसायचं. हिरीच्या मनात उकळ्या फुटल्या. वहीत ‘गोळ्या चालू’ असं लिहायचं आणि घरी जायचं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, बुधाच्या छातीत कळ आली, तेव्हा पाड्यावर एकच जीप होती. ती या बाबल्याची. वरातीसाठी फुलांनी सजवून उभी होती. हिरी त्याच्या पाया पडली होती. नवरदेवाच्या गाडीत आजारी माणूस बसवला तर अपशकुन होतो, म्हणून हा मेला जागचा हलला नाही. बुधाला झोळीत घालून चालत नेलं आणि तो अर्ध्या वाटेतच गेला.

तिने पेन काढलं.

“गोळ्या बंद केल्यास?”

“छातीत दुखत नाय आता. कशाला खायच्या?” बाबल्या खाली बघत म्हणाला. “खोटं नाय बोलत, हिरी. डोळे मिटले का बुधा दिसतो. तू लिहून टाक, खातो म्हणून. माझ्या घरवालीला सांगू नको. सुटेन मी.”

आठ वर्षं जिने त्याचं मरण मागितलं, तिच्याकडेच तो ते मागत होता. आणि तिने त्याला सोडवायचं? हिरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने वही मिटली. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, गोळी फोडली.

“आ कर.”

“हिरी, नको...”

“बुधाचं अर्ध्या वाटेत संपलं. तुझं एवढ्यात नाय संपायचं. डॉक्टर बोलला, गोळी खाल्ली तर वीस वर्षं आरामात जगशील. जग.”

बाबल्याने घोट घेतला. त्याने तोंड उघडून जीभ दाखवेपर्यंत ती समोरून हलली नाही.

“महिन्यातून एकदा येऊन नाय भागायचं,” पिशवी खांद्याला अडकवत ती म्हणाली. “आता रोज येईन.”