फिरोजीची साक्ष

“काका, तो काळा चष्मा काढा. मॉडेल कोण आहे तेच कळेना झालंय!”

कांताबेन तोंडात चार पिना धरून मॉडेल तान्याच्या निऱ्या बसवत होत्या. तोंडात पिना असल्या की त्यांची जीभ जरा जास्तच चाले.

“डॉक्टरांनी सांगितलाय,” धनसुखभाई खत्री म्हणाले.

“गेल्या आठवड्यात मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला ना? डावा कधी?”

“पुढच्या बुधवारी.”

“तोवर अर्धे हिरो, अर्धे म्हातारे!”

तापीच्या जुन्या दगडी घाटावर आभाळ अगदी खाली उतरलं होतं. ऊन नव्हतं, म्हणून सावलीही नव्हती. नदी राखेची, पलीकडचा काठ राखेचा, आणि त्या सगळ्या राखेत एकटी तान्याच्या अंगावरची साडी मोराच्या मानेसारखी फिरोजी.

धनसुखभाई नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोर फोटो दाखवणारा पडदा, मांडीवर त्याच साडीचं कातरण. चाळीस वर्षं त्यांनी रंगाच्या मिलमध्ये काढली. उकळत्या टाकीत काठी फिरवून ते नुसत्या डोळ्यांनी सांगत, अजून चिमूटभर निळा. मिल बंद पडली, पण नजर बंद पडली नाही. साड्यांचे व्यापारी केसरीचंद शेठनी त्यांना आपल्या कॅटलॉगच्या कामावर आणून बसवलं. छापील फोटोतला रंग आणि पेटीतून निघालेल्या साडीचा रंग जुळला नाही, तर गावोगावचे दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवतात. म्हणून प्रत्येक फोटोला शेठ विचारत, “धनसुखभाई, ओके?” आणि ते मान हलवत. त्यांची मान हलली की सुरतेत रंग पक्का.

आज फोटो काढत होती जिगीषा. महिन्यापूर्वी तिनं इथे पहिलंच काम केलं होतं, तेही याच फिरोजी साडीवर. तेव्हा धनसुखभाईंनी पडदा पाहून मान आडवी हलवली होती. “फिरोजी शेवाळलाय.”

“काका, एकदा नीट बघा ना. कापडासारखाच आहे.”

“पोरी, तुझं वय नाही तितकी वर्षं मी फिरोजी उकळलाय.”

सगळे हसले होते. तिचं दिवसभराचं काम टाकून दिलं गेलं आणि तिचं नावही. आज नेहमीचा फोटोग्राफर तापानं फणफणला, म्हणून शेठनी नाइलाजानं तिला बोलावलं होतं, आणि सकाळीच बजावलं होतं, “काकांनी हो म्हटलं तर दिवाळीचा कॅटलॉग तुझा. नाही म्हटलं, तर बेटा, लग्नात वऱ्हाडाचे फोटो काढ.”

जिगीषानं समोरच्या फ्लॅशवर नारिंगी जिलेटीनचा कागद चढवला, चिमट्यांनी चारी बाजू आवळल्या. शेठ ताडकन उठले.

“अरे, अरे! माझ्या साडीवर संत्र्याचा रस कशाला ओततेस?”

“शेठ, कॅमेऱ्याला मी खोटंच सांगितलंय, की तू दिव्याच्या पिवळ्या उजेडात आहेस. तो बिचारा सगळ्या चित्रातून पिवळेपणा काढतो. साडीवर माझा नारिंगी उजेड पडतो, त्यामुळे तिथे फिट्टंफाट होते, साडी जशीच्या तशी राहते. नदीपर्यंत नारिंगी पोचतच नाही. तरी तिच्यातूनही पिवळं जातं, म्हणून ती निळी पडते.”

“म्हणजे नदी फुकटात रंगली म्हण की!”

“तुमच्या भाषेत, हो.”

फ्लॅश लवला. नारिंगी पापणी उघडून मिटावी, तेवढाच. पडद्यावर चित्र उमटलं आणि कांताबेनच्या तोंडातली एक पिन खाली पडली. दिवसाढवळ्या घाटावर तिन्हीसांज उतरली होती. नदी निळी, आभाळ निळं, पायऱ्यांच्या फटींतलं पाणीसुद्धा निळं; आणि त्या निळाईच्या ओच्यात फिरोजी साडी, जणू नुकतीच टाकीतून काढून झटकलेली.

धनसुखभाईंनी चष्मा काढला. कातरण पडद्याशेजारी धरलं. रंग जुळत होता, सुताइतकाही फरक नव्हता. सवयीनं डोळा चोळायला हात वर गेला, ऑपरेशनच्या उजव्या डोळ्यावर झाकण झालं, आणि ते थबकले.

डाव्या डोळ्याला पडद्यावरचा फिरोजी शेवाळलेला दिसत होता. हातातलं कातरण मात्र जवळपास तसंच फिरोजी; पडद्याच्या उजेडातला निळा त्या डोळ्यात अडत होता, कापडावरचा तेवढा अडत नव्हता.

त्यांनी हात काढला. शेवाळ गेलं. पुन्हा झाकला. शेवाळ आलं.

कुणी न सांगता, कुणी चिमटे न लावता, त्यांच्याच बुबुळामागे एक पिवळा कागद चढला होता. किती वर्षं, देव जाणे. आणि तो कागद आत घेऊन ते जगाला रंग सांगत बसले होते.

“धनसुखभाई, ओके?”

नुसती मान हलवली तरी भागणार होतं. पोरीला काम मिळत होतं, खुर्ची शाबूत राहत होती. त्यांनी मान हलवली.

“वा!” शेठ खूश झाले. “बघ बेटा, मागच्या वेळी काकांनी कान पिळला, म्हणून आज रंग आला. पाया पड त्यांच्या.”

जिगीषा “हो,” म्हणाली, आणि खरंच वाकायला पुढे झाली.

धनसुखभाई खुर्चीतून उठले. “थांब. माझ्या पाया पडू नकोस.”

“काय झालं?” शेठ म्हणाले.

“शेठ, त्या दिवशी रंग बरोबर होता. चुकली ती माझी नजर. मोतीबिंदूनं पिवळी झाली होती, आत्ता कळलं. हिचं काम मी उगाच मारलं.”

शेठनी सावकाश विचारलं, “मग गेल्या दोन वर्षांत परत आलेला माल?”

“त्यातलं माझं किती, मला सांगता येत नाही. पण हिचा फोटो माझ्याच पदरातलं पाप आहे.”

“हे बाजारात कुणाला बोलू नका.”

“विचारलं तर बोलेन.”

कांताबेननं पडलेली पिन उचलली. “शेठ, चाळीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच चुकला म्हणतोय. माझा नवरा तर अजून पहिल्या वेळेची तयारी करतोय.”

तान्या खुदकन हसली. शेठना हसायचं नव्हतं. मिशी तेवढी हलली. जिगीषा हसली नाही. तिनं नुसतं डोळ्यांतलं पाणी मनगटानं टिपलं आणि म्हणाली, “काका, उजेड जायच्या आत अजून सात साड्या आहेत.”

नदीवरून वारा उठला. फ्लॅशचा स्टँड डुलला, जिलेटीन फडफडलं. जवळ कुणी नव्हतं. धनसुखभाई चार पायऱ्या उतरून गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टँड घट्ट धरला. मागे खुर्ची रिकामीच राहिली. तिच्यात कुणी बसलं नाही.

फ्लॅश लवला. इथून पडदा दिसत नव्हता. दिसत होती फक्त साडी, आणि तिच्यावर क्षणभर येऊन गेलेला उजेड.

“धनसुखभाई, ओके?” शेठनी ओठांवरच्या सवयीनं हाक दिली आणि जीभ चावली.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“तिला विचारा, शेठ,” धनसुखभाई म्हणाले.

शेठ मान वळवून म्हणाले, “जिगीषाबेन, ओके?”

“ओके,” ती म्हणाली. “पुढची साडी घ्या.”

कांताबेन पिना तोंडात घेऊन धावल्या. वारा अजून पडला नव्हता. धनसुखभाईंनी पाय रोवले आणि पकड आणखी आवळली. पुढचा फ्लॅश लवला, तेव्हा नखांत चाळीस वर्षांचा रंग मुरलेली त्यांची दहाही बोटं नारिंगी उजळली आणि पुन्हा जशीच्या तशी झाली.