धुतलेली बाटली

विनोदिनी बादलीतल्या बाटलीभोवती बर्फाचे खडे सारत होती. मागून तात्या शाबासकीची वाट बघत म्हणाले, "बाटली कशी चमकते आहे, बघितलंत ना बाई? खंडेनवमीला आतून-बाहेरून एकदम साफ केली."

तिचा हात बर्फातच थांबला.

"आतून?"

"मग काय! आत संतऱ्याच्या सालीचा केवढा वास! पूजेत अशी वस्तू ठेवायची का? सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा विसळली, उन्हात वाळवली, मग कुंकू लावलं."

तात्या तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकर होते. रोज पहाटे राम घाटावर स्नान करून यायचे, आणि खंडेनवमीला तराजूपासून बर्नरपर्यंत प्रत्येक वस्तू धुऊन तिची पूजा करायचे. प्राचार्य बदलले, संस्थान गेलं, पण कुंकवाचे ठिपके चुकले नाहीत. तिथंच रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विनोदिनीला त्यांचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

तो वास सालीचाच होता. अष्टमीच्या संध्याकाळी तिनंच त्या पोलादी बाटलीत संत्र्याच्या सालीच्या तेलाचे थेंब टाकून ठेवले होते. आज सकाळी आतली हवा पंपानं काढून तिनं बाटलीत स्वतः तयार केलेला नवा वायू भरला, तो तेल आत आहे असं धरूनच. या वायूचे कण एकमेकांत गुंतले की त्याचं पांढरं प्लास्टिक होतं. आम्ल ते खात नाही, त्याला काही चिकटत नाही. पण ते गुंतणं आपल्या हुकमानं व्हायला हवं, आणि तोवर कणांना धाकात ठेवायचं ते या तेलानं. तेल नसेल तर ते आपणहून गुंतत जातात, तापतात, तापले की आणखी भराभर गुंततात, आणि शेवटी बाटली बॉम्बसारखी फुटते.

तिनं बाटलीच्या गळ्याला बोट लावलं. भोवती बर्फ होता, तरी गळा कोमट होता.

घड्याळात साडेतीन झाले होते. चार वाजता भोपाळहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पंधरवड्यानं मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन व्हायचा होता, आणि कुठली यंत्रं कुठं जाणार, कुठल्या जागा जास्तीच्या, याची यादी साहेबांच्या हातात होती. विनोदिनीची चांदीची नळी आणि भट्टी त्या यादीत होती. तात्यांची जागाही होती. दोन महिने खपून तिनं एवढंच साधलं होतं: रेफ्रिजरेटरमधला वायू लाल तापलेल्या नळीतून सोडताना सोबत पाण्याची वाफ सोडली, की हा नवा वायू तिसऱ्या हिश्शाऐवजी निम्म्याहून जास्त मिळत होता. तिचा सगळा पुरावा त्या बाटलीत होता. मूळ वायूचं सिलिंडर आता रिकामं होतं.

"तात्या, बाहेर जा. व्हरांड्यातल्या मुलींनाही घरी पाठवा."

"काय झालं?"

तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तात्यांचा चेहरा उतरला. मुलींना पिटाळून ते परत आले आणि त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला.

"दूर व्हा, तात्या."

"करणी माझी, आणि दूर मीच उभा राहू? चला."

दोघांनी बादली मागच्या मैदानात, कडुनिंबापाशी नेली. तात्या महाकाळाचं नाव घेत होते. विनोदिनीला हे शंभर पावलांचं अंतर संपेलसं वाटेना. बाटली आता चांगलीच गरम लागत होती. तिनं तात्यांना झाडाच्या बुंध्याआड ढकललं, पदर तोंडाला लावला आणि बाटलीच्या तोंडाची चावी जरा-जरा करत फिरवली. फुस्स आवाज सुरू झाला. ना रंग, ना वास, दोन महिने नुसते वाऱ्यावर निघून चालले होते. आवाज थांबला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

साहेब वेळेवर आले. मध्यमवयीन, थकलेले, बोलायला सभ्य.

"तो दिखाने लायक कुछ नहीं है?"

"नहीं, सर. बोतल गरम हो रही थी. गैस छोड़नी पड़ी."

"कागज पर तो हर कोई पचपन फीसदी लिख देता है, मैडम." त्यांनी वही उघडली. "गलती किसकी?"

तात्या पुढं सरकले. तिनं त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

"मेरी, सर. तेल डालना रह गया."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. साडेपाचची बस असल्याचं सांगून ते देवास गेटच्या बसथांब्याकडे निघून गेले.

तात्यांनी मैदानातून रिकामी बाटली आणून टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "धुऊ?"

एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं. "नको. मीच बघते."

तिनं झाकण उघडून बाटली उलटी ठोकली. तळाशी सायीसारखं काहीतरी धरलं होतं. चिमट्यानं ओढल्यावर नखाएवढा पांढरा पापुद्रा बाहेर आला. तिनं तो टेबलावर ठेवला. मन काय सांगतंय त्यावर तिचा विश्वास बसेना.

तात्यांना वेगळीच धास्ती होती, देव कोपल्याची. त्यांनी देवळीतला कुंकवाचा करंडा आणला, बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि क्षमा मागत पापुद्र्याला टिळा लावला. टिळ्याचा थेंब झाला आणि घरंगळून टेबलावर पडला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा घरंगळला.

"देव घेत नाहीये, बाई," ते रडवेले होऊन म्हणाले.

विनोदिनीनं करंडा ओढून घेतला. तिनं स्वतः लावून पाहिलं. टेबल लाल झालं, तिची बोटं लाल झाली, पापुद्रा पांढराच राहिला. दुसऱ्या कुठल्या वायूपासून असं काही न चिकटणारं प्लास्टिक झालंच नसतं.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं.

"तात्या, टांगा बघा. देवास गेट."

"आणि हे कुंकू?"

"तेही लागेल."

दारापर्यंत गेलेले तात्या थबकले. "तिथं विचारतील, तेल टाकायला कोण विसरलं?"

"कुणीच विसरलं नव्हतं," ती पापुद्रा कागदात गुंडाळत म्हणाली. "बाटली कुणी धुतली ते तुम्हीच सांगायचं. माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार?"

तात्यांनी करंडा उपरण्यात बांधला. बाटली उचलताना सवयीनं त्यांचा हात फडक्याकडे गेला. मग त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि बाटली तशीच, न पुसता, छातीशी धरली.