संमुख शुक्र

माघातली सांज. सह्याद्रीच्या नीलजांभळ्या कड्यावर केशराची एक रेघ उरलेली, आणि तिच्या माथ्यावर एकटा, उद्दाम, शुभ्रतेजस्वी शुक्र.

दिवाळीपासून वैजयंता त्याला न्याहाळत होती. आधी रोज थोडा वर चढणारा, संक्रांतीनंतर रोज थोडा खाली उतरणारा. सूर्याच्या आगेमागे घुटमळणारा, त्याचं अंगण सोडून दूर जायची हिंमत नसलेला! असल्याला तिनं का भ्यावं?

दुपारी भावाचा फोन आला होता. कड्यापलीकडे, समुद्रकाठी, तिची आई अखेरचे श्वास मोजत होती. लेकीचं नाव घेत होती.

पण समोर शुक्र असताना नव्या सुनेनं त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही, ही घरची रीत. तो मावळून काही दिवस दिसेनासा झाला, तरी नाही. पहाटे पूर्वेला उगवून पाठीशी उभा राहिला, की मगच. म्हणजे पाडवा उलटणार. तोवर मरणानं ओसरीवर बसून राहायचं!

सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"शुक्र समोर हाय, पोरी. मलाबी असंच अडवलं हुतं. थांबले मी."

"मग? पडली गाठ आईची?"

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मी न्हाई थांबायची, आत्याबाई. त्यालाच म्हणा, बाजूला हो."

शुक्र बाजूला झाला नाही. सासूबाई झाल्या. आत जाऊन त्यांनी भाकरी बांधून आणली, आपली शाल सुनेच्या खांद्यावर टाकली. "जा. माझ्या वाटचीबी भेट घे," एवढंच त्या म्हणाल्या.

पश्चिमेची वाट. कोकणात जाणारी शेवटची एस.टी. फाट्यावर यायची होती. दोहो बाजूंना कणसांनी वाकलेला शाळू, आणि समोर, अगदी समोर, तो. ती मान खाली घालणार नव्हती. डोळे भरले की तो विरघळायचा; पदरानं पुसले की पुन्हा लखलखायचा. बघ, बघ माझ्याकडे, ती म्हणत होती; येतेय मी, तुझ्याच अंगावर चालून येतेय.

कड्याच्या धारेशी तो लवला. तांबूस झाला. थरथरला.

आधी तो मावळला. ती चालतच होती.