गव्हावर दळलेले तांदूळ

प्रेमाकाकूंची तांदळाची भाकरी म्हणजे नाहूरच्या त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये नावाजलेली. आणि सुनेने, अक्षताने सांगितलं काय, तर पीठ घरीच मिक्सरवर काढायचं. तिला सीलिॲक निघालं होतं. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडी सुजायची, आणि गिरणीत तर दिवसभर गहूच चाललेला. काकूंनी मान डोलावली. मनात म्हणाल्या, कणाने काय होतंय, नखरे नुसते.

मिक्सरच्या रवाळ पिठाची भाकरी तव्यावर पडेपर्यंत तीन ठिकाणी चिरायची. जानेवारीत मालवणहून नणंद आली, तेव्हा तिच्यापुढे शोभा नको म्हणून काकूंनी तांदूळ गुपचूप नितेशच्या गिरणीत नेले. तांदळावर तांदूळ हवे असतील तर तासभर थांबा, नितेश म्हणाला. काकू कसल्या थांबतायत. गव्हावरच दळून आणले. भाकरी अशी टम्म फुगली की नणंद बघतच राहिली. मग पुन्हा मिक्सर काढतंय कोण? अक्षताच्या डब्यात तेव्हापासून गिरणीचंच पीठ.

पोरगी मात्र सुकत चालली. पोट बिघडलेलं, केस गळतायत, ऑफिसच्या रजा संपल्या. जुलैत रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय. घरी येऊन सौरभने बायकोला झापलं, "बाहेर काय गिळतेस ते खरं सांग ना यार." तिने गळ्याची शपथ घेतली. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. कणाने खरंच होतं तर. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोराला काय सांगायचं?

दुपारी अक्षता जेवायला बसली. "आई, आता मी फक्त तुमच्या हातची भाकरी खाणार. दुसऱ्या कशावर माझा भरवसाच राहिला नाही."

काकूंनी ताट ओढून घेतलं. "नको खाऊस गं. पीठ गिरणीचं आहे. जानेवारीपासून."

अक्षता भांडली नाही. म्हणाली, "मी माझ्या आईकडचं जेवण बंद केलं. तिने माझ्यासाठी वेगळी भांडी घेतली होती, तरी मी तिला म्हटलं, तुझ्याच हातून चुकतंय. रडली ती."

काकूंना वर बघवेना. "लाव तिला फोन," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

विक्रोळीहून शर्मिष्ठाताईंनी लगेच उचलला. काकूंचा आवाज ऐकून आधी घाबरल्या, अक्षता बरी आहे ना म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो, विहीणबाई. माझ्या हातून नाही जमलं तिचं पथ्य."

"तुमच्या हातून काहीच चुकलं नव्हतं," प्रेमाकाकू म्हणाल्या, आणि पुढचं सगळं त्यांना सुनेच्या समोर उभं राहून सांगावं लागलं.