सुई टोचण्याआधी

कीर्तनात आख्यान रंगलं की बुवांना मध्येच कुणी तोडत नाही. माझ्या सर्जरी युनिटातही तेच. पेशंट आपणहून थांबेपर्यंत डॉक्टरनं ऐकायचं. नव्या पोरांना हे वेळखाऊ वाटतं.

स्वप्नाली सर्जरीच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती. आष्ट्याची मुलगी, हात सफाईदार, जीभ त्याहून. पुढच्या महिन्यापासून तातडीच्या केसेस तिच्या एकटीच्या भरवशावर सोडायच्या की नाही, हे मला ठरवायचं होतं.

त्या सकाळी आटपाडीकडचे गुंडामामा दाखल झाले. उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगात कणकण. सोनोग्राफीत यकृतात गाठ. रिपोर्टात ‘गळू असावं’. स्वप्नालीनं सुईची तयारीच केली.

“सर, पू काढून टाकते. मोकळे होतील.”

फिल्म बघून मला शंका आली होती. ती मी बोलून दाखवली नाही. म्हटलं, “मामांचं ऐकून झालं?”

“ताप, दुखणं, सगळं विचारलं, सर.”

“तू विचारलंस. ते काय बोलले?”

ती फणकाऱ्यानंच त्यांच्यासमोर बसली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. तिनं सुई उचलली असती तर हात धरणारच होतो.

“बोला मामा. सर आज कुणाला सोडत नाहीत.”

“काय बोलायचं, बाई? आमी मेंढरं राखणारी मानसं. लेक म्हनतो, घरी बसा. बसून काय करू? माजी कुत्री लय गुनाची. थंडीत एकाच घोंगड्यात झोपतो आमी.”

स्वप्नालीनं घड्याळाकडं पाहिलं, पण त्यांना थांबवलं नाही.

“मेंढरू कापलं की आतलं सगळं त्यांचंच. काळजाला पान्याचे फोड आसले तर मानूस थोडंच खातंय? कुत्री खात्यात.”

तिची मान वर आली. “यकृतावर असे फोड नेहमी असतात, मामा?”

“आसत्यात की. म्हाताऱ्या मेंढरात लय.”

तिनं सुईचा ट्रे नर्सच्या हाती परत दिला आणि मला बाजूला घेतलं. “सर, हे गळू नसेल. कुत्र्याच्या जंताची गाठ असेल. फोड खाल्लेल्या कुत्र्यांच्या अंगावरून जंताची अंडी मामांच्या पोटात गेली असतील. सुई घातल्यावर आतलं पाणी पोटात सांडलं असतं, तर रिॲक्शननं मामा जागीच गेले असते. आधी सीटी करूया.”

सीटीत तीच गाठ निघाली. आधी औषध, मग ऑपरेशन. ते स्वप्नालीनं केलं; मी समोर मदतीला. जंत मारणाऱ्या औषधात भिजवलेली फडकी गाठीभोवती नीट लावून तिनं आतलं पांढरं आवरण अलगद उचललं. मी मनात विठ्ठलाचं नाव घेत होतो, तोंडानं मात्र एक शब्द बोलावा लागला नाही.

मामा उठून बसायला लागले तसं एका राउंडला त्यांनी विचारलं, “डॉक्टरीनबाई, कुत्र्यास्नी हाकलू का आता?”

“नको. त्यांना जंताचं औषध द्या. फोडाचं काळीज मात्र पुरून टाकायचं.”

“आन् घोंगडं?”

“वेगळं.”

“त्ये आवघड हाय.”

“का हो अवघड? सांगा,” म्हणत ती पलंगाच्या कडेला टेकली.

मी बाकीच्या पोरांना घेऊन पुढच्या पेशंटकडं निघालो. पुढच्या महिन्याच्या तातडीच्या केसेस तिच्याच.