तो फेस माझा होता

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. लांबीला वीतभरही नाही. एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं कडं आहे, दुसरं टोक काचेच्या दांडीत वितळवून बसवलेलं आहे. बसऱ्याकडच्या अमारा शहरातल्या सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं राबले. माझ्याकडे बघून कुणाला वाटणार नाही की हिच्यापायी एक माणूस गेलं. पण गेलं, आणि तेच सांगायला मी बसले आहे.

जन्मानं मी या कामाची नव्हेच. चासिबच्या घरी विजेची शेगडी होती, तिच्या वेटोळ्यातला मी एक तुकडा. माझ्यावर चहाची किटली उकळायची आणि मी सुखात होते. मग लढाई झाली आणि देशात बाहेरचा माल येणं बंद झालं. औषधं आटली, काचसामान आटलं. प्रयोगशाळेतली प्लॅटिनमची तार झिजून तुटली, तर नवी मागवायची सोय उरली नाही. आता जंतू उचलायचे कशानं? चासिब तिथला तंत्रज्ञ, मोठा हिकमती माणूस. त्यानं घरची शेगडी उलटी केली, मला कापून काढलं आणि सुईभोवती वळवून कडं पाडलं.

"आता चहा कशावर करू, तुझ्या डोक्यावर?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"डोकं मला लागतं. तू लाकडं पेटव," तो म्हणाला.

इस्पितळात माझं केवढं कौतुक झालं म्हणून सांगू! बसऱ्याहून दोघं तंत्रज्ञ मला बघायला आले आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या शेगड्या मोडल्या. डॉक्टर मुअय्यद येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. "आमच्या अबू नूरची तार प्लॅटिनमच्या तोंडात मारेल," असं म्हणायचे. अबू नूर म्हणजे चासिबच, थोरल्या मुलीच्या नावावरून. तो हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि मीही चढले.

काम मात्र मी इमानानं केलं. ज्योतीत लालबुंद व्हायचं, निवायचं, जंतूंचा ठिपका उचलायचा आणि काचपट्टीवर नेऊन पसरायचा. जंतू असे दिसत नाहीत, म्हणून त्यांना रंगवतात. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुणं, शेवटी लाल. धुऊनही ज्यांचा जांभळा रंग जात नाही, ते गोल दाणे म्हणजे आमची रोजची गिऱ्हाइकं. त्यांची दोन घराणी. एक घोसानं राहतं, दुसरं माळेनं. घोसवाल्यांत एक जात जहाल आहे, पण तिची वेगळी परीक्षा असते. बाकीचे बहुधा माणसाच्या कातडीवरचे, सुईबरोबर चुकून रक्ताच्या बाटलीत उतरलेले. माळवाले मात्र रक्तात सापडले तर हसण्यावारी न्यायचे नाहीत.

कधी घोस विस्कटतो, कधी माळ तुटते, आणि डोळ्यांना काही कळेनासं होतं. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात जंतू कालवायचा. फेस आला तर घोसवाला, नाही आला तर माळवाला.

आमच्या जुन्या प्रमुख सित नाहिदा, सित म्हणजे बाई, या परीक्षेला मला हात लावू देत नसत. त्या बोरूची काडी वापरत. शहराबाहेरच्या दलदलीत राहणारी एक बाई दर आठवड्याला म्हशीची साय विकायला यायची, ती त्यांना बोरूची जुडी आणून द्यायची. सित नाहिदा त्याच्या बारीक काड्या कापून, भाजून डब्यात भरून ठेवायच्या.

"बाई, एवढी चांगली तार असताना हा गवताचा सोस कशाला?" चासिबनं एकदा विचारलं.

"तार तार असते, काडी काडी असते. मी आहे तोवर असंच चालेल," त्या म्हणाल्या.

कारण त्यांनी सांगितलं नाही आणि चासिबनं पुन्हा विचारलं नाही. त्याला तो त्यांचा हेका वाटला. मलाही राग यायचा. सगळीकडे मी चालते आणि इथंच काय माझा विटाळ?

पुढे सित नाहिदा मुलाकडे अम्मानला निघून गेल्या. दलदलीचं पाणी सरकारनं वळवलं, ती सुकली, म्हशी विकल्या गेल्या आणि सायवाली यायची बंद झाली. काड्यांचा डबा रिकामा झाला. काडेपेटीची काडीसुद्धा चालली असती हो, पण चासिबनं मला उचललं. कॉलेजात प्लॅटिनमच्या तारेनं ही परीक्षा केल्याचं त्याला आठवत होतं. प्लॅटिनमला चालतं ते माझ्या तारेला का चालू नये, असं तो म्हणाला. मी फुलून गेले.

त्या उन्हाळ्यात स्त्रियांच्या वॉर्डात नजाह नावाची शिक्षिका दाखल झाली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पाच आठवडे ताप उतरत नव्हता. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तेव्हापासून तिच्या हृदयाची एक झडप बिघडलेली. त्या झडपेवर जंतू बसलेत असा डॉक्टर मुअय्यद यांना संशय होता. खरं असेल तर चार आठवडे पेनिसिलिन टोचायचं. पण पेनिसिलिनची तेवढी एकच पेटी इस्पितळात उरली होती आणि शस्त्रक्रियेचा वॉर्ड तिच्यासाठी अडून बसला होता. पेटी कुणाला द्यायची ते प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ठरणार होतं.

रक्ताच्या दोन-तीन बाटल्या घ्यायच्या असतात. आम्हांला एकच मिळाली. तिसऱ्या दिवशी ती गढुळली. चासिबनं काचपट्टी रंगवली. जांभळे गोल दाणे दिसले, कुठे दोन, कुठे चार, कुठे तीन ओळीत. घोस म्हणावा तर घोस नाही, माळ म्हणावी तर माळ नाही. जंतू वाढवायच्या ताटलीवर आलेले ठिपकेही काही सांगेनात. मग त्यानं काचेवर पेरॉक्साइडचा थेंब ठेवला, ठिपका माझ्या कड्यावर घेतला आणि मला थेंबात बुडवलं.

फेस आला.

मित्रांनो, तो फेस जंतूंचा नव्हता. तो माझा होता. शेगडीच्या तारेत जे धातू असतात, त्यांनी ते पाणी आपसूकच फसफसतं. मला अंगात गुदगुल्या झाल्यासारखं झालं, तेव्हाच समजलं की हे माझंच आहे. पण तारेला तोंड कुठलं?

त्यानं जहाल जातीची परीक्षाही केली. ती नाही म्हणाली. दुपारी डॉक्टर मुअय्यद स्वतः खाली आले.

"अबू नूर, मला एकच सांग. खरा आहे की कातडीवरचा?"

"कातडीवरचा. फेस डोळ्यांनी पाहिला."

"नक्की? पेटी आज शस्त्रक्रियेच्या वॉर्डाला पाठवतोय मी."

"नक्की," चासिब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नजाहची आई हसना प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली.

"लेका, काय निघालं माझ्या पोरीचं?"

"खाला, चांगली बातमी आहे. रक्तात काही नाही."

बाईनं आकाशाकडे बघून दोन्ही हात पसरले. मग पदराखालच्या फडक्यातून तांदळाची गरम भाकरी काढून त्याच्यापुढे ठेवली. तो नको नको म्हणत होता.

"खा. तुझ्या तोंडून चांगलं निघालं, त्या तोंडात माझ्या हातचं जाऊ दे," ती म्हणाली.

त्यानं ती खाल्ली. बोटं चाटत खाल्ली. मी समोरच ठेवलेली होते.

नऊ दिवस गेले. एका सकाळी दुसऱ्या कुणाचं काम करताना चासिबनं मला ज्योतीत धरून निववलं आणि जंतू उचलायच्या आधीच मी चुकून पेरॉक्साइडच्या थेंबाला लागले. माझं कडं कोरं होतं, त्यावर काही म्हणजे काही नव्हतं. तरी फेस आला. तो बघत राहिला. त्यानं नवा थेंब ठेवला, मला पुन्हा लाल केलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा फेस. मग नजाहची जुनी ताटली शोधली आणि या खेपेला काडेपेटीची काडी घेतली. थेंब पाण्यासारखा शांत राहिला.

जंतू माळवाला होता. तो तसाच वर धावला. पण उशीर झाला होता. झडपेवरची गाठ सुटून आदल्या संध्याकाळी मेंदूत गेली होती. डॉक्टरांनी कुठून कुठून बारा कुप्या जमवून टोचल्या, पण चौथ्या दिवशी नजाह गेली. एकतीस वर्षांची होती.

मयताच्या तिसऱ्या दिवशी चासिब मला काचनळीत घालून खिशात ठेवून हसनाच्या घरी गेला. बायका उठून गेल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मला तर कधी कळलंच नसतं. मग सांगायला का आलास?" तिनं विचारलं.

"म्हणूनच आलो, खाला."

"दाखव ती."

त्यानं नळी तिच्या हातात दिली. तिनं मला उजेडात धरून पाहिलं.

"एवढीशीच?" ती म्हणाली, आणि तेव्हा रडली. चूक पोटात घातली असं ती म्हणाली नाही. माफ केलं नाही असंही म्हणाली नाही. मला परत देताना एवढंच म्हणाली, "फेकू नकोस हिला. फेकलीस तर विसरशील."

त्यानं मला फेकलं नाही. जंतू पसरायच्या कामाला मी पुढेही होते, कारण दुसरं होतं काय? पण नवा माणूस रुजू झाला की चासिब पहिल्या दिवशी मला कोरी थेंबात बुडवून दाखवायचा आणि नजाहचं नाव सांगायचा. त्याची मान खाली असायची. आता माझं कडं तुटलं आहे आणि तोही निवृत्त झाला आहे.

मित्रांनो, तुमच्या हाती जे हत्यार येईल ते कितीही गुणी असो, साऱ्या गावानं वाखाणलेलं असो, त्याला दुसऱ्याबद्दल विचारण्याआधी त्याच्याबद्दल विचारा. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. मला एकदा रिकामी बुडवून पाहिलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. त्याला एक थेंब लागतो आणि श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ. तेवढा वेळ त्या दिवशी आमच्याकडे होता. नजाहकडेही होता.