ओठाला चिकटते ती बाजू

चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही फिल्म उलटी लागलेली नाही. हे वाक्य मी चौकशी आयोगाला पाठवलेल्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि खाली रेघही मारली होती. रेघ मारायला नको होती.

आयोग हा तिसरा. पहिल्या दोघांनी जे शोधलं तेच पुन्हा शोधायला नेमलेला. प्रकरण सगळ्यांना पाठ आहे: चाळीस वर्षांपूर्वी कारंज्याच्या चौकात नेते भाषणाला उभे राहिले, हात वर केला, गोळी लागली, संपले. गर्दीतल्या एका हौशी माणसाच्या हातात कॅमेरा होता. त्याची एकोणीस सेकंदांची मुकी फिल्म, एवढाच पुरावा. त्या फिल्ममध्ये एका, फक्त एकाच फ्रेममध्ये, उजवीकडच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून धुराचा पांढरा पुंजका निघालेला दिसतो.

उजवीकडे होता छापखाना. छापखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, सगळे खाली भाषणाला गेले होते. तिसऱ्या मजल्यावर एकटाच माणूस होता. माझा मामा.

"मी डबा खात होतो," मामा म्हणाला. हे तो पोलिसांना म्हणाला, पहिल्या आयोगाला म्हणाला, दुसऱ्या आयोगाला म्हणाला. आठ महिने आत ठेवून, बंदूक सापडेना म्हणून त्याला सोडला. पण सोडला म्हणजे काय? गावाने त्याचं नाव धूरमामा ठेवलं. ठरलेलं लग्न मोडलं. वाचनालयात तो रोज सकाळी पेपर वाचायला जातो आणि त्याच्या शेजारची खुर्ची चाळीस वर्षं रिकामी असते. पंखा तिथेच आहे, उन्हाळ्यात लोक घामाने निथळतात, पण त्या खुर्चीवर कोणी बसत नाही.

आता तो एक्याऐंशी वर्षांचा आहे आणि आमच्याकडेच राहतो. "मला काही नको रे," तो म्हणतो. "आयोगाने एक ओळ लिहून द्यावी, धूर याच्या खिडकीतला नव्हता म्हणून. मी ती वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आणि बघतो कोण येऊन बसतं ते."

खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. डबा खायला चाळीस मिनिटं लागतात कोणाला?

फिल्म संग्रहालयात मी तपासनीस. आयोगाने मूळ रीळ मागितलं आणि आम्ही ते शोधायला लागलो. आजवर सगळ्यांनी पाहिली होती ती नक्कल; ती काढल्यापासून मूळ रीळ कोणी पाहिलंच नव्हतं. ते सापडलं 'डास निर्मूलन, भाग दोन' असं लिहिलेल्या डब्यात. भाग एकमध्ये खरंच डास होते.

फिल्म हातात आली की आम्ही लोक आधी ती ओठाला लावतो. हसू नका. फिल्मच्या एका बाजूला चित्र धरणारा मसाला असतो, दुसरी बाजू नुसती गुळगुळीत. मसाल्याची बाजू ओलसर ओठाला किंचित चिकटते. डोळा फसतो, ओठ फसत नाही. या जुन्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं, त्यामुळे उलटी लावली तरी यंत्र निमूटपणे चालतं, आणि डावं उजवीकडे जातं.

मी ओठाला लावली, टेबलावर चढवली, भिंगातून पाहिलं. धूर डावीकडे.

मी चष्मा पुसला. धूर डावीकडेच. मग शेजारी नक्कल ठेवली. नक्कल उलटी होती. सगळ्या देशाने चाळीस वर्षं आरशातलं बघितलं होतं.

मग एकेक कोडं पटापट सुटायला लागलं. चौकातलं मनोऱ्यावरचं घड्याळ, त्यावर आकडे नव्हते, नुसत्या रेघा. मुळात वाजले होते दहा वाजून दहा मिनिटं. नकलेत दोनला दहा कमी. एकशे तेरा साक्षीदारांनी "दहाच्या सुमारास" सांगितलं होतं. पहिल्या आयोगाने लिहिलं की धक्क्यामुळे सर्व साक्षीदारांचं वेळेचं भान गेलं, आणि नेत्यांचा कार्यक्रम पावणेचार तास उशिरा सुरू होणं हे प्रथेला धरूनच आहे. फलकावरची अक्षरं उलटी दिसत होती, म्हणून फलक बांधणाऱ्याला निलंबित केलं. नेत्यांचा डावा हात वर दिसत होता, म्हणून देशभर जे पुतळे उभे राहिले त्या सगळ्यांचा डावा हात वर आहे. नेत्यांच्या बायकोने "अहो, हे उजव्या हाताचे होते" असं कळवलं, तर आयोगाने त्यांचं सांत्वन केलं.

आणि साक्षीदार! चौकातला वाहतूक पोलीस म्हणाला होता, धूर डावीकडून. त्याला फिल्म दाखवली. मग त्याच्या सेवापुस्तकात शेरा बसला की डावं-उजवं कळत नाही, आणि बदली झाली. बाकीचे फिल्म पाहून शहाणे झाले आणि "हो हो, उजवीकडूनच" म्हणायला लागले. शेवटपर्यंत अडून राहिली ती एक फुलवाली. "मी रोज तिथे फुलं पोचवते. ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मला पाठ आहे. धूर विश्रामगृहातूनच आला." आयोगाने नोंदवलं: साक्षीदार फुले विकते.

कारण डावीकडे होतं सरकारी विश्रामगृह. छापखान्याचं जुळं भावंडच, एकाच नकाशावरून बांधलेलं. पुढे रस्ता रुंद करताना दोन्ही पाडली. आणि विश्रामगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर त्या सकाळी होते उपनेते. पोट बिघडलं म्हणून ते खाली आले नव्हते. संध्याकाळपर्यंत पोट बरं झालं आणि ते नेते झाले.

आता मला जिकडेतिकडे कट दिसायला लागला. ही नक्कल उलटी केली कोणी? आमचे तेव्हाचे मोठे साहेब? निवृत्तीनंतर त्यांनी टुमदार बंगला बांधला होता. नकला काढायच्या यंत्रावरचा आमचा जाड्या? तो अचानक परदेशी गेला होता, मेहुणीच्या लग्नाला का होईना. मी नकलेच्या डब्यातली जुनी चिठ्ठी काढली. प्रत्येक नकलेबरोबर करणाऱ्याची सही असते.

"दोन्ही बाजू तपासल्या. बरोबर." खाली सही. वळणदार, नवशिक्याची, आणि सहीखाली रेघ.

माझीच होती.

नोकरीचा तिसरा दिवस होता तो; समोर आलेल्या ढिगातलं हे कोणतं रीळ ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मला आठवलं: मला खोकला झाला होता. सकाळी निघताना मामाने बळेबळे दोन चमचे औषध पाजलं होतं. "नवी नोकरी आहे, साहेबांसमोर खोकू नकोस." जाड, गोड, गुळासारखं चिकट औषध. ओठाला दोन्ही बाजू चिकटल्या असणार. मी पहिली चिकटली ती खरी मानली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे मामांना आत तुम्ही पाठवलंत?"

"हळू बोल."

"हळू कशाला? चाळीस वर्षं त्यांच्या ताटात वाढताना 'धूर कसा आला हो' म्हणून टोमणे कोण मारत होतं?"

मामा दारात उभा होता. कान एरवी मंद, नको तेव्हा तल्लख. मी सगळं सांगितलं, औषधासकट. तो येऊन खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "औषध मी पाजलं होतं ना?"

"हो."

"मग निम्मा माझा मीच आत गेलो." पेपर जवळ ओढत म्हणाला, "हे आयोगासमोर सांगशील?"

"नोकरीवर ठपका बसेल मामा. पेन्शनीला सहा महिने राहिलेत."

"बरं," तो म्हणाला आणि पेपर उघडला. पेपर त्याने उलटा धरला होता. मला त्या उलट्या पेपराचीच लाज वाटली.

मी सांगितलं. आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, सारखे पेंगणारे. काम चालवायचे ते सचिव. सचिवांनी माझी साक्ष ऐकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे तुम्ही त्यांचे भाचे."

"हो."

"फिल्म तेव्हा तुम्हीच उलटी केलीत. आता मामांसाठी सुलटी करताय."

"सुलटी करत नाहीये. ती मुळात सुलटीच आहे."

"खोकल्याचं औषध कोणी दिलं?"

"मामांनी."

सचिवांनी अध्यक्षांकडे असं पाहिलं, की अध्यक्ष जागे झाले. "औषधाची बाटली कुठे आहे?"

"चाळीस वर्षं झाली साहेब."

"नष्ट केली, असं लिहा," सचिव कारकुनाला म्हणाले.

मी म्हटलं, एक सोपी परीक्षा आहे. मूळ फिल्म ओठाला लावतो. मसाल्याची बाजू कळली की डावं-उजवं आपोआप ठरतं. मागच्या रांगेतून मामा गोळी पुढे करत होता, खोकल्याची. मी हात जोडले. बाहेर जाऊन चार वेळा खळखळून चूळ भरली, ओठ धुतले, आणि तसाच ओल्या तोंडाने आत आलो. फिल्मचं टोक ओठाला लावलं. चिकटलं.

"टोक चिकटलं," सचिव म्हणाले. "मध्ये जोड नसेल कशावरून? धुराचा भाग दुसरीकडून आणून डकवला नसेल कशावरून?"

"जोड असता तर दिसला असता."

"तुम्हाला दिसला असता. तुम्ही भाचे. धुराच्याच फ्रेमवर दाखवा."

आम्ही कधीच मधल्या फ्रेमवर ओठ लावत नाही. पण मागे मामा बसला होता, आणि त्याच्या शेजारची खुर्ची इथेही रिकामी होती. मी धुराची फ्रेम ओठाला लावली.

"चिकटली?"

"हं," मी म्हटलं. ओठ मिटलेले होते.

"थांबा, काढू नका. नोंद होऊ दे."

कारकून लिहायला लागला. "साक्षीदाराने... वरचा ओठ की खालचा?"

मी बोटाने दाखवला.

"खालचा. डावीकडे की उजवीकडे?"

"कोणाच्या डावीकडे ते स्पष्ट करा," सचिव म्हणाले. यावर पाच मिनिटं चर्चा झाली. पेनातली शाई संपली. दुसरं पेन आणायला शिपाई गेला.

"हं," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "काढा आता."

मी फिल्म काढली. फिल्म आली, मसाला आला नाही. चाळीस वर्षांचा जुना मसाला ओल्या ओठावर मऊ झाला होता. रिळावर तेवढी एक फ्रेम काचेसारखी स्वच्छ झाली होती. आरपार सचिव दिसत होते. धूर माझ्या खालच्या ओठावर होता.

"कोणी हात लावू नका," सचिव ओरडले. "पुरावा आहे!"

पण मामाचे कान मंद. तो काठी टेकत पुढे आला. "तोंडाला काहीतरी लागलंय रे," म्हणाला, खिशातून रुमाल काढला आणि माझा ओठ पुसला.

रुमाल जमा करण्याचं आयोगाचं पत्र गुरुवारी आलं. बायकोने तो बुधवारी धुतला होता.